फळी फोडणार नाही असा स्क्रू कसा असावा? साग-बाभळीच्या कामासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "बाबा वाढईकाम करतात, गाव यवतमाळ जिल्ह्यात. जुना साग अन् बाभूळ, हेच काम जास्त. उन्हाळ्यात स्क्रू मारला की फळी टोकाकडून फुटते. टोकाला खाच असलेले, 'फळी फुटत नाही' म्हणून विकले जाणारे स्क्रू तालुक्याहून आणले, तरी बाभळीची पट्टी फुटलीच. मी तंत्रनिकेतनात मेकॅनिकलला आहे. प्रकल्पासाठी आपल्याकडच्या लाकडाला चालेल असा स्क्रू आखायचा आहे. टोकात काय बदलावं?"

टोकाचं नंतर पाहू, आधी डोकं पाहा. फळी फुटली की सगळे स्क्रूचं टोक तपासतात. पण तडा नेमका कधी गेला याकडे लक्ष दिलं तर बहुतेक वेळा तो शेवटच्या अर्ध्या इंचात गेलेला असतो. टोक तोवर केव्हाच आत पोचलेलं असतं. त्या वेळी लाकडात शिरत असतो तो वरचा गुळगुळीत दांडा, आणि त्यामागून चपट्या (वरून सपाट, खालून निमुळत्या) डोक्याचा उतार.

आकडे मांडून बघा. ४ मिमीच्या चिपबोर्ड स्क्रूचा गाभा, म्हणजे आट्यांच्या तळाशी मोजलेला व्यास, साधारण २.५ मिमी असतो. त्याचं छेदक्षेत्र ४.९ चौरस मिमी. जुन्या पद्धतीच्या ८ नंबर स्क्रूचा दांडा ४.२ मिमीचा (नंबरवरून व्यास काढायचा तर नंबराला ०.०१३ ने गुणून ०.०६० मिळवा, उत्तर इंचात येतं). त्याचं क्षेत्रफळ १४ च्या आसपास. आणि ८ मिमीच्या डोक्याचं ५०. गाभ्याला लागणाऱ्या जागेच्या दहापट जागा डोकं मागतं, तेही ९० अंशांच्या पाचरीच्या आकारात. सरपण फोडताना पाचर जे काम करते तेच काम हे डोकं तुमच्या चौकटीत करतं.

लाकूड रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेनं ओढलं तर प्रचंड ताण सोसतं. रेषेला आडवं ओढलं तर त्याची ताकद त्याच्या विसाव्या भागाइतकीही भरत नाही. स्क्रू आत जाताना तंतू बाजूला सारतो, आणि हे सारणं नेमकं या कमजोर दिशेनं होतं. तंतू थोडे दबून जागा देतात. तेवढी जागा पुरली नाही की लाकूड उघडतं. म्हणून फळी न फोडणाऱ्या स्क्रूची कुठलीही युक्ती घ्या, ती दोनपैकी एक काम करते: लाकूड ढकलण्याऐवजी कापून बाहेर काढते, किंवा ढकलायचं लाकूडच कमी करते. तुमचं प्रत्येक रेखाचित्र या एका कसोटीवर तपासा.

आता भाग एकेक घेऊ.

डोकं. शक्य तिथे चपटं, उताराचं डोकं टाळा. खालून सपाट असलेलं डोकं, म्हणजे पॅन किंवा वॉशर जोडलेलं, पाचर मारतच नाही, नुसतं दाबून धरतं. पोटमाळ्याच्या फळ्या, गोठ्याचं दार, बंडीच्या बाजूच्या पट्ट्या अशा ठिकाणी डोकं वर राहिलं तरी काही बिघडत नाही. चपटंच हवं असेल तर डोक्याखालच्या उतारावर चार-सहा बारीक धारदार कंगोरे असावेत. ते फिरता फिरता खळगा खरवडून काढतात. मऊ लाकडात एवढं पुरतं. वाळलेल्या सागात ते अर्धंच काम करतात आणि बाभळीत बोथट होतात, म्हणून तिथे काउंटर बिटनं खळगा आधीच करावा लागतो. कबजा बसवताना ही अडचण नसते, कारण खळगा कबज्याच्या पत्र्यातच असतो. फक्त स्क्रूचं डोकं त्या खळग्यापेक्षा मोठं घेऊ नये.

दांडा. जुना लाकूड-स्क्रू पाहा: आटे साधारण दोन तृतीयांश लांबीवर, वरचा भाग गुळगुळीत, आणि तो भाग आट्यांच्या बाहेरच्या व्यासाइतकाच जाड. हा स्क्रू दोन मापांचं भोक गृहीत धरूनच बनवला गेला होता. खाली बारीक, वर दांड्याइतकं रुंद. आज हेच स्क्रू एकाच बरम्यानं, किंवा भोक न पाडताच मारले जातात आणि मग वरच्या अर्ध्या इंचात फळी उघडते. आटे लाटून काढलेल्या नव्या स्क्रूत तारेचा मूळ व्यास गाभा आणि आट्यांचा बाहेरचा व्यास यांच्या मधला असतो, म्हणून दांडा आट्यांपेक्षा बारीक राहतो. तुमच्या आखणीत दांडा असाच हवा. शिवाय आटे संपून दांडा सुरू होतो तिथे ७-८ मिमी लांबीचा खडबडीत, तिरप्या कंगोऱ्यांचा पट्टा द्या. तो भोक रुंद करत जातो आणि मागचा दांडा सैल सरकतो. लांब स्क्रूला याचा फायदा फार. ३५ मिमीपर्यंतच्या स्क्रूला सबंध लांबीभर आटे असतात, तिथे तो नको.

गाभा. जुन्या स्क्रूचा गाभा टोकाकडे निमुळता होत जातो. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला भोक थोडं थोडं फाकत राहतं, शेवटपर्यंत. समांतर गाभ्यात टोक पुढे गेलं की मागचा भाग नवीन जागा मागत नाही. तेव्हा समांतर घ्या. गाभा बारीक केला तर लाकूड कमी ढकललं जाईल, हे खरं. पण पिळाची ताकद व्यासाच्या घनावर चालते. २.५ चा २.२ मिमी केला तर ताकद एक तृतीयांशानं घटते. बाभळीत अर्ध्यावर डोकं तुटून हातात येईल. काळे जिप्सम बोर्डाचे स्क्रू सागात तटातट तुटतात ते याचमुळे. गाभा बारीक, पोलाद कडक आणि ठिसूळ, आणि ते बनवले आहेत जिप्सम बोर्ड पातळ पट्टीला धरून ठेवण्यासाठी. स्वस्त मिळतात म्हणून दाराला लावू नका.

आटे. आट्याची धार ६० अंशांऐवजी ४० अंशांच्या आसपास ठेवा. पातळ आटा तंतूंत सुरीसारखा शिरतो, जाड आटा पाचरीसारखा. पहिल्या तीन-चार आट्यांच्या कडेला करवतीसारखे दाते पाडले तर ते तंतू तोडत जातात आणि फिरवायला जोर कमी लागतो. आट्यांमधलं अंतर ४ मिमीच्या स्क्रूला १.८ मिमीच्या आसपास असतं. ते बदलायची गरज नाही.

टोक. आता तुमच्या मूळ मुद्द्यावर. टोकदार लाकूड-स्क्रू ही तशी १८४६ ची गोष्ट, अमेरिकेत थॉमस स्लोन यांनी त्या वर्षी त्याचं पेटंट घेतलं. त्याआधीचे स्क्रू टोकाला बोथट असायचे आणि भोक पाडल्याशिवाय आत जातच नसत. गंमत अशी की टोक आलं आणि भोक पाडायची सवय गेली. खिळ्याचं टोक हातोडीनं बोथट करण्याची युक्ती स्क्रूला लावू नका. बोथट खिळा तंतू चिरडत पुढे जातो, पण बोथट स्क्रू लाकूड पकडतच नाही.

खाच असलेलं टोक, ज्याला कारखान्यांच्या भाषेत टाइप १७ म्हणतात, ते खरं तर छोटं गिरमिटच असतं. पहिल्या दोन-तीन आट्यांतून एक उभी खाच काढलेली असते. खाचेची पुढची कड तंतू कापते आणि भुसा खाचेत साठतो. यात कच्चा दुवा आहे तो खाचेच्या पोटाचा. भुसा मावायला जागा थोडी. मऊ सूचिपर्णी लाकडात तो दबून बसतो आणि काम निभतं. घट्ट, कोरड्या लाकडात त्याचं पीठ होतं, खाच गच्च भरते, आणि तिथून पुढे ते साधं टोकच. तुमची बाभळीची पट्टी यामुळेच फुटली असणार. उपाय म्हणजे दर ८-१० मिमीला स्क्रू दोन फेरे उलटा घेऊन भुसा सुटू देणं. पण इतकं करायचं तर भोक पाडलेलं काय वाईट?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. असले स्क्रू मुख्यतः युरोप-अमेरिकेच्या लाकडासाठी बेतलेले आहेत. तिकडच्या स्प्रूस या मऊ सूचिपर्णी लाकडाची घनता घनमीटरला सुमारे ४५० किलो. आपला साग ६५० च्या घरात, बाभूळ ८०० च्या आसपास, ऐन आणि धावडा त्याहून जड. युरोपच्या लाकडी बांधकामाच्या संहितेत, युरोकोड ५ मध्ये, ६ मिमीपर्यंतच्या स्क्रूला मऊ लाकडात आधी भोक पाडण्याची सक्ती नाही. कठीण लाकडात मात्र सगळ्याच स्क्रूंना आहे. म्हणजे जिथे हे स्क्रू जन्मले तिथेही बाभळीसारख्या लाकडात ते भोकाशिवाय चालतील असं कोणी धरत नाही. आपल्याकडे शिवन, सालई, सावर यांच्यात खाचेच्या स्क्रूवर भिस्त ठेवता येईल. साग, बिजा, ऐन, बाभूळ यांच्यात नाही.

तुमच्या प्रकल्पाला कारखान्याचा साचा लागेल असं समजू नका. साध्या स्क्रूला खाच घरी काढता येते. स्क्रू व्हाइसमध्ये डोक्याकडून धरा, टोक वर. ४ इंची ग्राइंडरला १ मिमीची कटिंग डिस्क लावा. स्क्रूचं पोलाद वरून कडक केलेलं असेल तर कानस लागत नाही. टोकापासून ६-७ मिमी लांब, उभी, किंचित तिरपी खाच घ्या, खोली गाभ्याच्या मध्याच्या जरा अलीकडेपर्यंत. टोकाकडून पाहिलं तर वर्तुळाचा जवळपास चौथा भाग कापला गेलेला दिसला पाहिजे. महत्त्वाचं हे की खाचेची जी कड स्क्रू आवळताना पुढे येते ती उभी आणि धारदार असावी, मागची कड उतरती चालेल. उलट झालं तर ती कापायच्या ऐवजी घासते. डिस्क एका वेळी दोन सेकंदांहून जास्त टेकवू नका, मध्ये पाण्यात बुडवा. टोक निळं पडलं म्हणजे कडकपणा गेला. खाचेतला जस्ताचा थरही जातो, तेव्हा असा स्क्रू ओलीच्या जागी वापरू नये. डोळ्यांवर चष्मा असू द्या, ठिणग्या आणि टोकाचे कण दोन्ही उडतात.

आता भोक. खरा फरक इथेच पडतो. २.५ मिमी गाभ्याच्या स्क्रूसाठी २.२ मिमीचं भोक पाडलं तर ढकलायच्या लाकडापैकी ७७ टक्के आधीच बाहेर येतं. कुठलंही टोक इतकं काढत नाही. मापं अशी धरा: मऊ लाकडात गाभ्याच्या ७०-८० टक्के, सागात ९० टक्क्यांच्या आसपास, बाभूळ-धावड्यात गाभ्याइतकं किंवा कणभर जास्त. ३.५ मिमी स्क्रूला शिवनात १.५, सागात २, बाभळीत २ ते २.५. ४ मिमीला २, २.२ आणि २.५ ते २.८. ५ मिमीला २.५, ३ आणि ३ ते ३.५. आटे दोन्ही बाजूंना पाऊण मिमी बाहेर असतात, म्हणून भोक गाभ्याइतकं केलं तरी पकड जात नाही. "भोक पाडलं की स्क्रू सैल बसतो" हा समज भोक आट्यांच्या बाहेरच्या व्यासाइतकं केल्यामुळे झालेला आहे.

दोन फळ्या जोडताना वरच्या फळीत आट्यांच्या बाहेरच्या व्यासाइतकं, म्हणजे ४ मिमीला ४ किंवा ४.५ मिमीचं आरपार भोक हवं. आटे वरच्या फळीतही धरले तर दोन फळ्यांमध्ये फट राहते, ती मिटवायला माणूस जोर लावतो आणि फूट तिथेच पडते. खालच्या भोकाची खोली स्क्रूच्या लांबीपेक्षा २-३ मिमी जास्त घ्या आणि भुसा फुंकून काढा. तळाशी दाबलेला भुसा राहिला तर टोक अडतं, मग फिरवणारा माणूस आणखी जोर देतो.

बरमा धारदार असावा. सागात सिलिका असल्यानं साधा बरमा लवकर बोथट होतो. भोकातून धूर निघाला, भोकाच्या कडा काळ्या पडल्या, की समजा धार गेली. लाइट नसेल तर हातड्रिल चालतं. २ मिमीचा बरमा मिळत नसेल तेव्हा सायकलचा स्पोक कामाला येतो. तो २ मिमीच्याच आसपास असतो, टोक ठोकून थोडं चपटं केलं आणि दोन्ही कडांना धार दिली की सव्वादोनच्या घरात भोक पाडतो. शिवनात बरा, बाभळीत जीव काढतो.

स्क्रूला मेण लावा, मेणबत्तीचं किंवा पोळ्याचं. साबण नको, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. पितळी स्क्रू सागाच्या दाराला छान दिसतात पण मऊ असतात. त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी घालून काढा, आटे पडले की पितळी बसवा.

आणि पाऊण स्क्रू हातोडीनं ठोकून शेवटचे दोन फेरे पेचकसनं देण्याची पद्धत गावोगाव आहे. तिला माफी नाही. तंतू तुटतात, आटे पकडत नाहीत, फळी तेव्हाच नाही तर महिन्यानं फुटते. वरून पाहता काम झालेलं दिसतं, एवढंच.

कडेपासूनचं अंतर. युरोकोडमधले आकडे इथे उपयोगी पडतात, व्यासाच्या पटीत. भोक पाडून मारलेल्या स्क्रूला फळीच्या टोकापासून निदान ७ पट आणि बाजूच्या कडेपासून ३ पट. ४ मिमीला २८ आणि १२ मिमी. भोक न पाडता, घनमीटरला ४२० ते ५०० किलोच्या लाकडात हेच १५ आणि ७ पट होतात, म्हणजे ६० आणि २८ मिमी. दीड इंची पट्टीत ते बसतच नाही. टोकाकडे ओढ येणार असेल, जसं झुल्याच्या किंवा फाटकाच्या पट्टीला, तर भोक पाडूनही १२ पट सोडा. एकाच रेषेत दोन स्क्रू मारू नका. कबज्याची भोकं एकाखाली एक न ठेवता नागमोडी असतात ती याचसाठी. घरी पट्टी पत्र्यातून कापून कबजा करणारे मात्र सरळ रांगेत भोकं पाडतात आणि चौकट उभी चिरते.

स्क्रू मारताना फळी शाबूत आणि चार महिन्यांनी फुटलेली, ही तक्रार स्क्रूची नसते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारची हवा कोरडी ठणठणीत होते. सावलीतली फळी तेव्हा ५-६ टक्के ओलाव्यापर्यंत उतरते. श्रावणात तीच १५ च्या आसपास जाते. २०० मिमी रुंद सागाची फळी, चपट्या चिरकामाची (वाढीची वर्तुळं फळीच्या रुंदीला जवळपास समांतर), या फरकानं ३ मिमीच्या आसपास आक्रसते. बाभूळ त्याहून जास्त. पावसाळ्यात त्या फळीच्या दोन्ही कडांना स्क्रू घट्ट आवळून ठेवले असतील तर उन्हाळ्यात तिला आक्रसायला जागा नाही. ती मधून फुटते. अशा रुंद फळीला एका कडेचं भोक गोल आणि दुसऱ्या कडेचं लांबट करा, रेषेला आडवं, ४ मिमी स्क्रूला ४.५ बाय ८. वर वॉशर घाला. डोकं चपटं असेल तर त्याचा उतार लांबट भोकातही अडकतो, म्हणून इथे सपाट बुडाचंच डोकं.

प्रकल्पाची चाचणी कशी घ्यावी तेही सांगतो, कारण "माझा स्क्रू फोडत नाही" एवढं लिहून परीक्षकाचं समाधान होणार नाही. साग, बाभूळ आणि शिवन, प्रत्येकाच्या एकाच फळीतून २० मिमी जाड, ५० मिमी रुंद पट्ट्या काढा, गाठी टाळून. ओलावा मोजायला तुकडा तोला, १०३ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पुन्हा तोला. घटलेलं वजन भागिले कोरडं वजन. मग प्रत्येक नमुन्याचा स्क्रू टोकापासून व्यासाच्या १०, ७, ५ आणि ३ पट अंतरावर मारा. साधा, खाचेचा, खाच आणि कंगोऱ्याचं डोकं, आणि भोक पाडून साधा, असे चार गट पुरेत. जोर मोजायला पेचकसऐवजी २५० मिमीचा दांडा आणि टोकाला ताणकाटा लावा. काटा २ किलो दाखवत असेल तर पीळ सुमारे ४.९ न्यूटन-मीटर. स्क्रू व्हाइसमध्ये धरून तुटेपर्यंत पिळा आणि तो आकडाही नोंदवा. लाकडात लागणारा पीळ तुटण्याच्या पिळाच्या निम्म्याच्या वर गेला तर ती आखणी सागाला नापास धरा. केसासारखा तडा डोळ्यांना दिसत नाही. त्या जागी रॉकेल पुसा, कोरडं कापड फिरवा आणि खडूची भुकटी टाका, तड्यातलं रॉकेल वर येऊन रेघ उमटते. हे मारल्यावर लगेच एकदा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

तुमच्या गावात चाचणीला तयार नमुना हवा असेल तर तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घ्या. चाकाचा आस धरणारी खालची पट्टी बारीक, स्क्रू टोकापासून पाऊण इंचावर, आणि पाय जोडलेले असतात ते लाकडाच्या आडव्या कापाच्या तोंडात. या तोंडात स्क्रू तंतूंच्या मधून जातो, त्याची पकड बाजूच्या पकडीपेक्षा बरीच कमी, म्हणून तिथे टोकाची कुठलीही करामत पायाला धरून ठेवणार नाही. पायात आडवं भोक पाडून कठीण लाकडाची १० मिमीची खुंटी बसवा आणि स्क्रूचे आटे त्या खुंटीतून आडवे जाऊ द्या. चाकाच्या पट्टीला ३.५ मिमीचा स्क्रू, २ मिमीचं भोक, सपाट बुडाचं डोकं आणि वॉशर.